हिरव्या भिंती आणि गोंगाटाचा हिशेब

शहरांतील नव्या इमारतींवर झाडाझुडपांनी मढवलेल्या भिंती दिसू लागल्या आहेत. शोभा आणि गारवा यांच्या जोडीला ‘आवाज कमी होतो’ हा दावाही त्यांच्यासाठी केला जातो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे.

काँक्रीट आणि काच आपल्यावर आदळणारा जवळजवळ सगळा आवाज परतवतात. म्हणूनच उंच इमारतींमधल्या अरुंद रस्त्यावर हॉर्नचा आवाज घुमत राहतो. हिरवी भिंत त्यातला काही भाग गिळते. हे श्रेय प्रामुख्याने पानांचे नाही, तर मुळांना आधार देणाऱ्या सच्छिद्र थराचे. ध्वनिलहरी त्या छिद्रांत शिरतात आणि घर्षणाने त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. पाने मुख्यतः उच्च कंप्रतेचा आवाज विखुरतात. साहजिकच, उघड्या भिंतीवर नुसती वेल चढवून फारसे साधत नाही.

सिंगापूरच्या हॉर्टपार्कमधील आठ प्रकारच्या हिरव्या भिंतींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी व मध्यम कंप्रतेच्या आवाजात साधारण ५ ते १० डेसिबलची घट आढळली. उच्च कंप्रतेत ती बरीच कमी होती आणि प्रकारानुसार फरकही होता. २०१५ मधील एका प्रयोगशालेय अभ्यासात ध्वनिशोषणाचा गुणांक ०.४० आला. म्हणजे ढोबळमानाने ४० टक्के ध्वनिऊर्जा शोषली गेली, ६० टक्के परतली.

येथेच शोषण आणि रोध यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. शोषणाने घुमणे कमी होते; आवाज पलीकडे जाऊ न देण्यासाठी भिंतीला वजन आणि फटींचा बंदोबस्त हवा. खिडकी उघडी असेल, तर बाहेरच्या हिरवाईचा आतल्या माणसाला लाभ थोडाच.

गोव्यात आणखी एक अडचण आहे. थर पाण्याने भरला की छिद्रे बुजतात आणि शोषण घटते. उलट उन्हाळ्यात झाडे जगवायला रोज पाणी लागते.

देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इस्पितळे, शाळा व न्यायालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. अशा ठिकाणी हिरव्या भिंती जरूर उभाराव्यात. पण रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक बंद करण्याची जबाबदारी प्रशासनाचीच राहते. ती वेलींच्या आड लपवता येणार नाही.