वहींतली ब्राह्मी

आमच्या घरीं मातुःश्रींची औषधांची एक वही आहे. त्यांनीं सांगावें व तीर्थरूपांनीं लिहावें, अशी ती सिद्ध झाली. तीवर आम्हां सर्वांचा मोठा विश्वास. गेल्या आषाढांत धाकट्या सूनबाईनें तींत पाहून तेलासाठीं बाजारांतून ब्राह्मी आणविली. ती पाहतांच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, सासूबाई वाटीत ती ही नव्हे."

बाजारचें पान लहान, जाडसर व लांबट होतें. आमच्या विहिरीच्या पाटाकडेचें वाटोळें, दंतुर कडेचें. लोक दोहोंसही ब्राह्मी म्हणतात; ग्रंथकार दुसरीस मंडूकपर्णी हें नांव देतात. वहींत मात्र नुसता 'ब्राह्मी' एवढाच शब्द! वहिनींस भेद कळला, कारण नव्या नवरीपणीं त्या सासूबाईंबरोबर पाटाकडेला बसून तीं पानें खुडीत. मीं वही अनेकदां वाचली, पान एकदांही खुडलें नाहीं.

शेळ्या-मेंढ्या व गुरें राखणारे आणि इतर वनवासी यांस वनस्पतींचीं नांवें व रूपें ठाऊक असतात, असें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. त्यांचा उपयोग कसा करावा हें ज्ञान निराळें, हेंही तेथेंच आहे. हें स्थळ मला मुखोद्गत. पण गुराख्यासवें मी रानांत कधीं गेलों नाहीं. आम्हां पढिकांची ही जुनीच खोड.

लेखनानें विद्या राखतां येत नाहीं, असें मात्र नव्हे. मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडामला छापला गेला. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्यानें त्यासाठीं आपल्या ग्रंथांतील माहिती सांगितली. रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनींही साह्य केलें. त्यांचें निवेदन नागरी लिपींतच छापलें आहे. चित्रावर वनस्पतीचें नांव अनेक लिपींत असल्यामुळें पान व नांव यांची ताटातूट झाली नाहीं.

वहिनींचें वय आतां एकाहत्तर. रविवारीं सूनबाई परसांतून डहाळी आणते, वहिनी ती चुरगळून, हुंगून नांव सांगतात, नातू चित्र काढतो आणि मी खालीं लिहितों. वहींतील अकरा नांवें मात्र त्यांनाही ओळखवत नाहींत. गांवच्या एका वृद्ध धनगरास त्यांपैकीं कांहीं ठाऊक आहेत, असें कळतें. दिवाळीनंतर त्याच्यामागून रानांत जाण्याचें मीं ठरविलें आहे. गुडघे काय म्हणतात तें पाहावयाचें.