पेटी गरिबांची, चंगळ पंचांची

स्पेन देशात माद्रिद शहरी ‘काहा माद्रिद’ नावाची एक मोठी बचतपेढी होती. तिची हकिकत आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनी कान देऊन ऐकावी.

सन १७०२ मध्ये फ्रान्सिस्को पिकेर नावाच्या पाद्र्याने एका लहानशा पेटीत चांदीचे एक नाणे टाकून धर्मादाय निधी सुरू केला. मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करविणे हाही त्या पैशाचा एक हेतू होता. म्हणजे श्राद्धपक्षाचा खर्च तिकडेही सुटला नव्हता! परंतु सगळा पैसा पूजाअर्चेत न घालता या गृहस्थाने गरजूंना चीजवस्तू गहाण घेऊन बिनव्याजी कर्ज देण्याची सोय केली. सावकाराच्या वहीत अंगठे उठवून ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना ‘बिनव्याजी’ या शब्दाची किंमत आम्ही सांगावयास नको. पुढे १८३८ साली बचतपेढी निघाली व ती या गहाणपेढीस जोडली गेली. हातावर पोट असणाऱ्याने चार पैसे ठेवावे आणि त्याला त्यावर व्याज मिळावे, असा तिचा बेत.

अशा पेढीला भागीदार नसतात. नफ्यातून काही गंगाजळीत टाकावयाचे व बाकीचे लोकांच्या उपयोगी कामास लावावयाचे. या पैशातून माद्रिद येथे २००२ साली ‘ला कासा एन्सेन्दिदा’, म्हणजे ‘उजळलेले घर’, हे कलामंदिर उघडले गेले. इमारत जुन्या गहाणपेढीचीच, १९१३ सालची. तेथे चित्रे, नाटके, गाणे, ग्रंथालय, सर्व काही आहे. गरिबांच्या ठेवीतून विद्येचे घर उभे राहिले याचा आम्हांस आनंदच वाटतो.

पण पंचमंडळाकडे पाहा. मालक कोणी नाही, म्हणून कारभार प्रतिनिधींच्या हाती. नगरपालिकेचे, राजकीय पक्षांचे, कारखानदारांचे, मजूर संघांचे, खुद्द ठेवीदारांचेही प्रतिनिधी त्यात होते. या मंडळींना पेढीच्या खर्चाची गुप्त कार्डे मिळाली. २००३ ते २०१२ या काळात त्यांवर सुमारे १ कोटी २० लाख युरो उडाले. खानावळी, प्रवास, कपडे, वाटेल ते! २०१७ साली न्यायालयाने ६५ जणांस दोषी ठरविले. त्यांत रोद्रिगो रातो हे होते, जे पूर्वी देशाचे अर्थमंत्री व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर मजूर संघांचे व डाव्या पक्षाचे पुढारीही होते. कार्ड हाती असून न वापरणारेही निघाले, पण अगदी मोजके.

त्याच पेढीने २००९ साली ३०० कोटी युरोंची प्राधान्याची भागपत्रे आपल्याच खातेदारांना विकली. परतफेडीची मुदत नाही आणि व्याजही नफा झाला तरच! कित्येक म्हाताऱ्या ठेवीदारांना ती साधी मुदतठेव वाटली. २०१० साली सात पेढ्या एकत्र होऊन ‘बांकिया’ झाली, २०१२ साली ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि सुमारे २२०० कोटी युरो सार्वजनिक पैसा तिच्यात ओतला गेला. भागपत्रे घेतलेल्यांच्या रकमेला मोठी कात्री लागली.

कोणी म्हणेल, श्रीमंतांचे ते चाळे. तसे असते तर आम्ही हा कागद काळा केला नसता. आपल्या चळवळीने शाळा कमिटीत, लोकल बोर्डात, बँकेत आपली माणसे बसावीत म्हणून जन्मभर भांडण केले, आणि ते योग्यच होते. पण आपला माणूस आत बसला म्हणून त्याच्या खर्चाची वही बघायची नाही, हे कोणी शिकविले? भटजीला जाब विचारताना जी जीभ चालते, ती आपल्याच जातीच्या चेअरमनपुढे टाळ्याला का चिकटते? त्यातून पेढीच्या दारावर दानधर्माची पाटी असली की विचारणाराच कृतघ्न ठरतो. उजळलेल्या घराच्या उजेडात कार्डांचा हिशेब कोणास दिसला नाही, तो याच कारणाने.

२०१३ साली स्पेनमध्ये नवा कायदा झाला व मोठ्या बचतपेढ्यांना बँकेचा धंदा वेगळा करून प्रतिष्ठाने व्हावे लागले. २०२१ साली बांकिया दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. कलामंदिर मात्र प्रतिष्ठानाकडे राहिले.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे नाव गावच्या सोसायटीत किंवा पतपेढीत असेलच. वार्षिक सभेला चहा पिऊन सही करून येणारे पुष्कळ आहेत. यंदा प्रत्येक आळीतून निदान एकाने उभे राहून म्हणावे, “संचालकांच्या भत्त्याचा व प्रवासखर्चाचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा.” सुनेने म्हटले तरी चालेल, ती सातवी पास असेल तर वहीच तिच्या हाती द्या.