वतन गेलं, वेळ सुटला का?

२० मार्चला चवदार तळ्यावर जायचंय म्हणून एमआयडीसीतल्या कंत्राटी पोराने सुट्टी मागितली की सुपरवायझर विचारतो, "कसला सण आहे?" शिमग्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. गणपतीला तर अर्धी पाळी रिकामी, कंत्राटदार ते गृहीतच धरतो. कोणाचा वेळ न विचारता मोकळा होतो आणि कोणाला कारण द्यावं लागतं, हे जात ठरवते. काही पोरं "आई आजारी आहे" सांगून महाडला येतात. ऐकून वाईट वाटतं, पण आम्हाला त्यांना दोष देववत नाही. खाडा पडला की रोज बुडतो.

आपल्या वेळेवरची ही मालकी जुनी आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महाराची चाकरी चोवीस तासांची. तो हजर नसेल तर बापाला, घरातल्या कोणालाही कामाला धरायचं. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात याविरुद्ध बिल मांडलं. प्रत्यक्षात वतन गेलं ते १९५८ च्या कायद्याने. मजूरमंत्री असताना त्यांनीच कारखाना कायद्याची दुरुस्ती पुढे नेली आणि १९४६ साली आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आपण पहिली गोष्ट जातीच्या भाषणात सांगतो, दुसरी कामगारांच्या. आमच्या मते भांडण एकच होतं : राबणाऱ्याचा दिवस कुठेतरी संपला पाहिजे.

आता घरातलं बोलू. पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आम्ही जयंतीला गेलो होतो. विहारात स्त्रीमुक्तीवर व्याख्यान चाललेलं (वक्ते आमच्यातलेच!) आणि मागे चुलींपाशी बाया तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. पहाटे पाणी भरण्यापासून त्या उभ्याच. एक ताई म्हणाली, "भाषण संपत आलं की हाक मारा, ताटं घेते." १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी खास स्त्रियांपुढे भाषण केलं होतं. इथे ऐकायला त्यांना सवडच नव्हती.

आम्ही विषय काढला तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "त्यांना सवय आहे, त्यांना आवडतं." महारांच्या चाकरीबद्दल गाव दुसरं काय म्हणत होतं?

या २० मार्चच्या तयारीच्या बैठकीत आम्ही पाळ्यांचा ठराव मांडतोय. तांदूळ निवडण्यापासून टोप घासण्यापर्यंत पुरुषांची नावं लागतील आणि पहिली पाळी आम्हा भाषण करणाऱ्यांची. भाकऱ्या जमल्या नाहीत तर त्या दिवशी सगळ्यांनी भात खावा.