एका दिवसाचे काम

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची टाकी भरणे हे घरातल्या निवृत्त माणसाचे हक्काचे काम असते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास रेंगाळू लागला की दिवसातून दोनदा तरी पाइप ओढावा लागतो. असाच एका दुपारी पाइप धरून उभा होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी पायरीवर वही घेऊन बसली होती. ती पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे 800 मीटर धावण्याचा सराव आणि दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास.

‘‘काकाजी, हे नळाचं गणित काही जमून नाही राहिलं जी,’’ ती म्हणाली.

गणित आपल्या सर्वांच्या ओळखीचे. तीन नळ एक हौद अनुक्रमे 12, 15 आणि 20 मिनिटांत भरतात. तिन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? तिने तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला होता, त्याला तिन्हींच्या बेरजेने भागले होते आणि उत्तर काढले होते 76 मिनिटे आणि वर काही. क्लासमध्ये तसे सूत्र दिले आहे म्हणे! दोन नळ असतील तर ते सूत्र अगदी बरोबर आहे. 12 आणि 20 चे नळ एकदम सोडले तर साडेसात मिनिटे, यात खोट नाही. पण तिसरा नळ आला तेव्हा तिने तिसरा आकडाही त्याच सूत्रात कोंबला. जो हौद एकटा नळ 12 मिनिटांत भरतो, त्याच हौदाला आणखी दोन नळ मदतीला आल्यावर सव्वा तास लागतो, हे तिला खटकलेच नाही. खटकावे कसे? सूत्रात हौदही नव्हता आणि पाणीही नव्हते.

मी गणिताचा मास्तर नव्हे. उभी हयात हिशेबाच्या खात्यात गेली, एवढाच काय तो आकड्यांशी संबंध. तरी म्हटले, ‘‘हौद 60 बादल्यांचा आहे असं धर. पहिला नळ मिनिटाला किती बादल्या टाकतो?’’ ‘‘पाच.’’ ‘‘दुसरा?’’ ‘‘चार.’’ ‘‘आणि तिसरा तीन,’’ हे तिनेच सांगितले. मिनिटाला बारा बादल्या, म्हणजे साठ बादल्यांना पाच मिनिटे. ती क्षणभर वहीकडे पाहत राहिली आणि मग स्वतःच्या 76 वर स्वतःच हसली.

वेळांची बेरीज होत नाही, वेगांची होते. काळ, काम आणि वेग या प्रकरणात शिकण्यासारखे आहे ते एवढेच. आमच्या वेळचे मास्तर प्रत्येक गणिताची पहिली ओळ सक्तीने लिहून घेत, ‘अ चे एका दिवसाचे काम’. ती ओळ गाळली तर उत्तर बरोबर असले तरी गुण कापत. तेव्हा राग येई. आता वाटते, त्या एका ओळीतच सगळे गणित होते.

हा प्रश्न काही इंग्रजांनी शाळांबरोबर आणलेला नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे शके 1072 किंवा इसवी सन 1150 च्या ग्रंथात, तो आहे. तिथे नळांऐवजी झरे आहेत. एक झरा विहीर पूर्ण दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. एका दिवसात ते अनुक्रमे एक, दोन, तीन आणि सहा विहिरी भरतील, म्हणून चौघे मिळून एक विहीर दिवसाच्या बाराव्या भागात भरतील. त्याहूनही कितीतरी जुन्या एका चिनी ग्रंथात पाच कालव्यांनी तळे भरण्याचे गणित आहे. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला तर भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला होता. तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

क्लासवाल्यांना मी सरसकट दोष देणार नाही. 90 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. अशा परीक्षेला युक्त्या लागतातच. पण युक्ती ही समजल्यानंतरची सोय आहे. आधी युक्ती दिली आणि समजणे राहून गेले, की गणितात तिसरा नळ येतो आणि मुलगी अडते. गणित न आल्याची लाज मात्र तिच्या पदरी पडते. फी तिच्या आईने चार घरची भांडी घासून भरलेली असते.

असो. पुढचे गणित मात्र मलाच अडवून गेले. ‘4 पुरुष किंवा 6 स्त्रिया एक काम 12 दिवसांत करतात, तर तेच काम 2 पुरुष व 3 स्त्रिया किती दिवसांत करतील?’ दोन पुरुषांचे अर्धे काम, तीन बायकांचे अर्धे काम. उत्तर पुन्हा 12. हे तिने आता चटकन केले आणि मग विचारले, ‘‘काकाजी, बाईचं काम कमी, हे यांनी कुठं मोजलं जी?’’

मला उत्तर देता आले नाही. असली गणिते मी शाळेत शेकड्यांनी सोडवली असतील. त्यांत बाई नेहमी पुरुषाहून कमी भरायची, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मजुरीच्या दराचा तक्ता तसाच्या तसा गणितात उतरला असावा, असा माझा संशय आहे. आपल्या रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्याने तर स्त्री-पुरुष भेद न करता, झालेल्या कामाच्या मोजमापावर मजुरी ठरवली. गणिताच्या पुस्तकांपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाही. शिवाय मातीकामावर एक खणतो आणि दुसरी टोपले वाहते. तिथे दोघांचे वेग बेरजेत धरून चालतच नाहीत. वाहणारी थांबली तर खणणाराही थांबतो. दोन नळांचे तसे नसते.

आत फरशी पुसणाऱ्या मावशी हे ऐकत होत्या. त्यांचे माहेर सावनेरकडचे. त्या तिथूनच म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं कापूस वेचणीले बायाच जाते. किलोवर पैसे. एखादा गडी आला तं संध्याकाळी काट्यावर त्याचा कापूस माह्या निम्मा बी नाही भरे.’’

मुलीने वहीत खाली लिहिले, ‘4 बाया किंवा 8 गडी’. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘पण परीक्षेत काय लिहू?’’

‘‘परीक्षेत 12 च लिही,’’ मी म्हणालो. टाकी भरून पाणी अंगणात आले होते, तिकडे धावलो.