वरळीचे बेडूक

मुंबईचा इतिहास म्हटला की आपण सात बेटांपासून सुरुवात करतो. फारच मागे गेलो तर बिंबराजापर्यंत. त्याच्याही मागे काय होते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही, म्हणून तो आपल्याला पडतही नाही. मलाही पडला नव्हता.

गेल्या वर्षी विज्ञान शाखेतल्या एका मित्राबरोबर त्याच्या महाविद्यालयाचे भूशास्त्र संग्रहालय पाहायला गेलो. काचेच्या कपाटांत पुण्याजवळच्या पाषाणचा हिरवा अपोफिलाइट, वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट, गवताच्या पेंढीसारखा दिसणारा स्टिल्बाइट. लाव्हा थिजताना कातळात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपले आणि हे स्फटिक वाढले, असे तिथल्या सरांनी सांगितले. मग त्यांनी विचारले, "तू प्रभादेवीचा ना? मग वरळीचे बेडूक ठाऊक असतीलच!" मला वाटले, सर थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. वरळीच्या टेकडीत कातळाच्या थरांमध्ये गाळाचा एक थर आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हाचा एक लोट येऊन थंडावला, त्यावर गोड्या पाण्याचे उथळ तळे साचले, तळ्यात बेडूक आणि कासवे नांदली. मग पुन्हा तप्त रस आला आणि सारे झाकले गेले. त्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्ये देणारे तेच हे ओवेन. जी. टी. क्लार्क या अभियंत्याच्या मुंबई परिसरावरील लेखाला जोडून ते छापले गेले. १८५२ साली डॉ. एच. जे. कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिताना इथल्या कासवाचीही नोंद केली. पुढे १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी त्या बेडकाला 'इंडोबॅट्राकस', म्हणजे भारतातला बेडूक, असे नाव दिले. सेंच्युरी बाजारावरून वरळी नाक्याकडे मी हजारदा गेलो असेन. हे मला कोणी सांगितले नव्हते.

कोणी म्हणेल, राहायला घर नाही आणि बेडूक कसले घेऊन बसलास? हा प्रश्न मला परका नाही. आमची चाळ पुनर्विकासात गेली आहे. तिथे पायाचा खड्डा खणला, तेव्हा रात्रंदिवस डंपर भरून दगड जात होता. वडील म्हणाले, "दगड जाऊ दे, खोली मिळू दे." त्यांचे चूक नाही. मलाही खोली हवीच आहे.

पण दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत का? बांधकाम थांबवा, असे मी म्हणत नाही. खड्डा बुजण्यापूर्वी भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांसह अर्धा दिवस आत उतरू द्यावे, एवढेच मागणे आहे. त्यात बेडूक सापडेलच असे नाही. पण कोणी पाहिलेच नाही, तर कळणार कसे? गिरण्या गेल्या, त्यांच्या निदान आठवणी तरी लोक सांगतात. कातळाची आठवण सांगणारे कोणी नाही. ती त्याच्या थरांतच असते, आणि ते थर आपण न वाचताच भरावात टाकतो.

हे काम विज्ञानवाल्यांचे, असे म्हणून आपण कलाशाखेने हात झटकू नयेत. दस्तऐवज जपायला शिकवते ती आपलीच शाखा. म्हणून सुचवावेसे वाटते : आपल्या ग्रंथालयात एक लहानसे काचेचे कपाट असावे. प्रत्येकाने आपापल्या वस्तीतला एक दगड आणावा. कोठे, केव्हा, किती खोलीवर मिळाला, ते चिठ्ठीवर लिहावे आणि जाणकारांकडून तपासून घ्यावे. पाषाण-वाघोलीच्या शेजारी परळ, लालबाग, वरळी ही नावेही दिसू देत.

आमच्या पायाच्या खड्ड्यातला एक तुकडा मी उचलून ठेवला आहे. त्यात ना स्फटिक, ना बेडूक. साधा काळा दगड आहे. कपाट झाले, तर पहिली चिठ्ठी मी लिहीन.