गालिच्यातील पर्देस

या देशात उतरल्यावर जे हिब्रू शब्द आपल्या कानी प्रथम पडले, त्यांत ‘पर्देस’ हा एक होता. मराठी कानाला तो ‘परदेश’ असाच ऐकू येई. अर्थ मात्र निघाला संत्र्यांची बाग! हा शब्द मूळचा इराणी. भोवती भिंत घातलेल्या बागेचे ते नाव होय. नहेम्याच्या ग्रंथात इराणी राजाच्या वनासाठी तोच योजिला आहे, आणि ‘फिरदौस’ हा त्याचाच भाऊबंद.

ही भिंतीतील बाग इराणी विणकरांनी गालिच्यावर उतरविली. पाण्याचे पाट व हौद नकाशाप्रमाणे वरून पाहिलेले. झाडे मात्र बाजूने पाहावीत तशी. पाटांनी बागेचे चार भाग पडतात, म्हणून ती ‘चारबाग’. एदेनातून निघून चार फाटे झालेली नदी आपण बेरेशीतमध्ये वाचतो; कुराणातील स्वर्गातही पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या आहेत. कोरड्या मुलखातील माणसाला स्वर्ग पाण्यावाचून सुचावा तरी कसा?

यांतील एक अप्रतिम नमुना भारतातच, जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात आहे. तो बहुधा किरमानचा. आंबेरच्या राजवाड्यात त्याची नोंद १६३२ सालची, म्हणजे जयपूर शहर वसण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षांची. पुढे तो एका बंद खोलीत विस्मृतीत पडला आणि १९३७ साली पुन्हा उजेडात आला. लांबी आठ मीटरांहून अधिक. मधोमध घुमटाची बारादरी आणि पाटांतून पोहणारे मासे व बदके.

अठराव्या शतकात पश्चिम इराणच्या कुर्दी मुलखातही असे गालिचे होऊ लागले. तेथे पशुपक्षी विरळ झाले, सुरूची झाडे टोकदार झाली, लाटांच्या नागमोडी रेघा झाल्या. काही जाणकार याला ऱ्हास म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. जाड लोकरीच्या मोठ्या गाठींत गोलाई नीट साधत नाही. तिरप्या रेघा मात्र ठसठशीत उमटतात. तेव्हा कुर्दी विणकराने माशाची नक्कल सोडली, पाणी सोडले नाही. उलट किरमानी गालिच्यात नजर माशांवर खिळते, येथे ती प्रवाहाबरोबर टोकापर्यंत जाते.

असा गालिचा कोठे पाहावयास मिळाल्यास वाचकांनी आधी पाट शोधावा. झाडांकडे मागाहून वळावे.