सरासरी धक्का घर पाडत नाही

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के जाणवू लागले. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून पळताना पडून दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. बहुतेक धक्के मात्र सौम्य होते. मग ‘सरासरी तीव्रता फार नाही’ असा दिलासा द्यायचा काय?

सरासरी म्हणजे बेरजेची समान वाटणी, असे शाळेत शिकवतात. समजा, पाच धक्के बसले. चार २ तीव्रतेचे आणि एक ४ तीव्रतेचा. बेरीज १२, सरासरी २.४. गणित बरोबर आहे, पण २.४चा धक्का त्या पाचांत एकही नाही.

शिवाय तीव्रतेचा एक अंक वाढला की भूकंपाची ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते; दोन अंकांनी सुमारे हजारपट. लहान धक्क्याची ऊर्जा १ धरली, तर पाचांची बेरीज १००४ होते. त्यातले हजार एकट्या मोठ्या धक्क्याचे! २.४ ही सरासरी नेमके हेच झाकते.

घराची भिंत सरासरीने पडत नाही, मोठ्या धक्क्याने पडते. म्हणून घरे, शाळा आणि अंगणवाड्या मोठ्या धक्क्याच्या हिशेबानेच मजबूत करायला हव्यात. मुलांना सरासरी जरूर शिकवावी. पण उत्तराशेजारी सर्वांत मोठी संख्याही लिहायला लावावी.